तिरका सात

गाडी कचेरीच्या दारात उभी होती, गाडीचं पुस्तक पिशवीत होतं, किल्ली मुठीत होती, आणि तरीही ही गाडी म्हणजे ती गाडी नव्हे, असं साहेबांचं म्हणणं पडलं.

“मग कुणाची आहे ही?” तिने विचारलं.

“कुणाची ते मी विचारतच नाहीये, ताई. कोण आहे ते विचारतोय.” जेवण झाल्यावर ताट सारावं तसं साहेबांनी पुस्तक तिच्याकडे सारलं. “पुस्तकात कारखान्याचा एक नंबर आहे. तो गाडीच्या अंगावर कुठेच नाही. इंजिन बदललेलं, त्यावर भलताच नंबर. नंबराची पाटी तुम्ही पत्र्याच्या डब्यातून काढून दाखवताय. डब्यातून मीही कुठलीही पाटी काढून दाखवीन. पुस्तकातली गाडी आणि बाहेर उभी आहे ती गाडी एकच, हे कशावरून?”

“आम्ही सांगतोय त्यावरून.”

“सगळेच सांगतात.” साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. “जुन्या गाड्यांची ओळख पटवायची असा हुकूम आहे. पटली तर शिक्का. नाही पटली तर क्रेन येते, उचलते, आणि तिकडे चेपून ठोकळा करतात. कारखान्याचा मूळ दाखला आणा. पुढच्या मंगळवारी या.”

हे ‘पुढच्या मंगळवारी’ तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की घरात त्या साहेबांचं नावच मंगळवार पडलं होतं. मंगळवार काय म्हणाला? मंगळवार रागावला का? बाबा तर म्हणायचे, त्या माणसाच्या आठवड्यात बाकीचे वार बहुतेक गहाण पडलेत.

ती कपडे धुण्याचं दुकान चालवायची. दिवसभर लोकांचे डाग काढायचे. शाई, गंज, तेल, कॉलरचा मळ. डाग कसला आहे ते लोक कधी खरं सांगत नाहीत, तरी काढायचा. नवरा मागच्या बाजूला वाफेच्या इस्त्रीवर उभा असायचा आणि दोन वाफांच्या मधे एखादा शब्द बोलायचा. संसार त्या एकेका शब्दावर बरा चालला होता.

आणि बाबा. बाबा गाड्या रंगवायचे. ठोकलेली, चेपलेली, खरचटलेली गाडी त्यांच्याकडे यायची आणि आरशासारखी होऊन जायची, म्हणून त्यांना सगळे आरसेवाले म्हणत. त्यांच्या कारखान्यात शिवी चालायची, गाणं चालायचं, पण ‘चालेल’ हा शब्द चालायचा नाही. कारागीर चुकून “एवढं चालेल की” म्हणाला, तर बाबा त्याच्या हातातली पुट्टी लावायची पत्ती शांतपणे काढून घ्यायचे आणि त्याला झाडू द्यायचे. आता डोळ्यांवर जाळं आलं होतं, हात थरथरत होते, कारखाना केव्हाच बंद झाला होता. उरली होती ती ही एक गाडी. गोल डोळ्यांची, फुगऱ्या गालांची, दुधी रंगाची.

ती आईची गाडी. आई घरोघरी जाऊन बाळंतपणं करायची. अडलेल्या बाईचं दार जिथे असेल तिथे ही गाडी पोचलेली. पुढे आई, शेजारी पिशवी, मागे कधी लेक, आणि ओठांवर स्वतःच रचलेलं गाणं:

चढणीला धापा टाकी, माझी गं दुधी गाडी
उताराला लागली की, माझ्याशीच खोड्या काढी.

आई गेली आणि बाबांनी गाडी शेवटची रंगवायला घेतली. दिसत होतं तोवर, हात धड होते तोवर. एक थर, घासणं, दुसरा थर, घासणं. त्या कामाइतकं गुळगुळीत काम त्यांनीही आधी केलं नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की बाबा त्या गाडीत आईच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसायचे. काच खाली करायचे. कुठे जायचं नसायचं. कुणी विचारलं तर म्हणायचे, “ती येतेय. पिशवी विसरली.” हसत म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

आता ह्या माणसाला जाऊन कसं सांगायचं, की बाबा, ती गाडी कोण आहे हे सरकारला माहीत नाही?

*

ज्या कारखान्यात ती गाडी जन्मली, तो बुडून जमाना झाला होता. त्याची दप्तरं एका संग्रहालयाच्या तळघरात नेऊन ठेवली होती आणि त्या तळघरावर एक बाई होत्या. फोन फक्त सकाळी उचलायच्या. सकाळी म्हणजे कधी, ते त्यांचं त्या ठरवत.

“नंबर सांगा,” तळघरातल्या बाई म्हणाल्या.

“तोच तर सापडत नाहीये हो.”

“नंबराशिवाय मी काय शोधू? इथे भिंतभर कपाटं आहेत.”

“पुस्तकातला आहे. गाडीवरचा सापडत नाही.”

“मग सापडत नाही का म्हणालात? आहे की.” कागदांची सळसळ. “सांगा.”

तिने सांगितला. शेवटी सात.

“सात? का एक?”

“सात.”

“माणसं सात म्हणतात आणि निघतो एक. मग मला पुन्हा जिना चढउतर. माझे गुडघे तुम्ही देणार आहात का?”

“सातच आहे, बाई. माझ्या आईच्या हातचं नाही, छापील आहे.”

“बरं. टपालाने पाठवते. घाई असेल तर सांगू नका. घाई सगळ्यांनाच असते.”

दाखला आला तेव्हा तिने तो दुकानाच्या काउंटरवरच फोडला. जाड कागद, वर कारखान्याचा चाकाचा छाप. अमुक नंबरची गाडी आमच्या कारखान्यात तयार झाली. नंबर कोरल्याची जागा: पुढच्या काचेच्या खाली, इंजिनामागच्या पोलादी भिंतीवर, उजव्या अंगाला. मूळ रंग: गर्द हिरवा.

“हिरवा,” ती म्हणाली.

इस्त्री फुसफुसली. “गेलं,” नवरा आतून म्हणाला.

बाबा तर भडकलेच. “हिरवा? कुणी सांगितलं? ती पहिल्यापासून दुधी आहे.”

“बाबा, कारखाना सांगतोय.”

“कारखान्याला काय कळतंय. मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा...” आणि बोलता बोलता ते थांबले. “आधी हिरवी असेल. तुझी आई घेऊन आली तेव्हा म्हणाली होती, बाळंतीण घाबरेल असला रंग आहे. म्हणून मी दुधी केली. पण ती हिरवी असताना आपली नव्हतीच. आपली झाली तेव्हा दुधी होती. म्हणजे पहिल्यापासूनच की.”

तिने कपाळाला हात लावला आणि नवऱ्याला हाक मारली. दोघांनी गाडीचं बॉनेट वर केलं.

दुसऱ्या कुठल्या गाडीत त्या जागी काळं, तेलकट, कोळिष्टकांचं राज्य असतं. इथे आतली भिंतसुद्धा ताटलीसारखी लखलखत होती. काचेखाली, उजव्या अंगाला, तिने बोट फिरवलं. आकडा नाही, खाच नाही, ओरखडा नाही. बोट घसरत गेलं ते थेट टोकापर्यंत.

“तिथे काय चाचपताय?” बाबा गाडीत बसल्या बसल्या काचेतून म्हणाले. जाळं आलेल्या डोळ्यांना एरवी समोरचा माणूस कळायचा नाही, पण गाडीला कुणी कुठे हात लावला ते मात्र त्यांना बरोबर कळायचं.

“इथे नंबर कोरलेला असतो, बाबा. कुठे गेला?”

बाबांनी शेजारची काच वर करायला घेतली.

“बाबा.”

“खाचा होत्या तिथे,” बाबा म्हणाले. “भरल्या.”

“भरल्या म्हणजे?”

“भरल्या म्हणजे भरल्या. पुट्टी भरली, घासली, रंग मारला. घाण काम होतं. असं आतल्या आत ठेवायचं मला पटलं नाही.”

ती बॉनेटखालून सरळ उभी राहिली आणि डोकं बॉनेटला आपटलं. नवऱ्याने फुंकर घालायला तोंड पुढे केलं, तिने त्याला हाताने बाजूला केलं.

“मी इतके मंगळवार त्या माणसापुढे उभी राहतेय. पाटी शोधली, डबे उपसले, त्या तळघरातल्या बाईंच्या गुडघ्यांची विचारपूस केली. आणि तुम्हाला माहीत होतं?”

“मला कुणी विचारलं?”

“मी विचारलं होतं. पहिल्याच दिवशी.”

“तू विचारलंस, नंबर कुठे दिसतो का. दिसत कुठे होता? मी दिसू दिलाच नव्हता.” मग जरा आवाज उतरला. “सांगितलं असतं तर खरवडलं असतं तुम्ही.”

“अर्थात खरवडणार.”

“म्हणून नाही सांगितलं.”

पुढचा सगळा दिवस घरात धुसफूस चालली. ती म्हणे, टीचभर जागा, बॉनेटखाली, कुणाला दिसणार नाही. बाबा म्हणत, मला दिसेल. ती म्हणे, तुम्हाला समोरची भिंत दिसत नाही. बाबा म्हणत, म्हणूनच. ती म्हणे, नंतर पुन्हा भरू. त्यावर बाबांनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरले. बोटं वाऱ्यातल्या पानांसारखी हलत होती. त्यांनी ती हलू दिली, तिला नीट बघू दिली, मग मांडीखाली दाबून ठेवली.

“क्रेन आली तर?” ती म्हणाली.

“येऊ दे. न्यायची तर अख्खी नेऊ दे. खरवडलेली नको.”

अशा हट्टापुढे माणसाने रडावं की भांडी आपटावी? तिने भांडी आपटली. रडण्यापेक्षा त्यातून निदान भांडी तरी जागेवर लागतात.

*

मंगळवारी ती एकटीच गेली. दाखला दाखवला. साहेबांनी तो उजेडाकडे धरून बघितला, उलटा करून बघितला, आणि समाधानाने मान हलवली. तिला क्षणभर वाटलं, सुटलो.

“उत्तम,” साहेब म्हणाले. “आता नंबर दाखवा.”

“तो पुट्टीखाली आहे.”

“काढा की पुट्टी.”

“वडील काढू देत नाहीत.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “ताई, माझ्याकडे चोरीच्या गाड्या येतात. नंबर घासलेल्या, तोडलेल्या, जाळलेल्या. मालक म्हणतो गंज लागला, मालक म्हणतो अपघात झाला. वडील काढू देत नाहीत हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते मी लिहू कसं?”

“दुसरं काही चालणार नाही?”

“नाही. आणि खरवडायचं ते माझ्यासमोर. घरून खरवडून आणलंत तर मी म्हणणार, तुम्हीच कोरून आणलात. पुढच्या मंगळवारी. त्यानंतर कागद क्रेनवाल्यांकडे जातो. मग माझ्या हातात नाही.”

परतताना ती इतकी वैतागली होती की दुकानात शिरून तिने पहिल्याच गिऱ्हाइकाला, डाग निघणार नाही, असं स्वच्छ सांगून टाकलं. गिऱ्हाईक दचकलं. निघाला असता तो डाग.

आतल्या बाकावर बाबा बसले होते. घरात एकटं बसवेना म्हणून आले होते, म्हणजे बोलायचं होतं आणि बोलायचं नव्हतं. त्यांच्या डोक्यामागे एक लोखंडी दांडी होती आणि तिच्यावर कपडे टांगलेले. धुतलेले, इस्त्री केलेले, एकही सुरकुती नाही. बाबांनी सवयीने एका कोटाच्या बाहीवर हात फिरवला.

“झकास काम आहे,” ते म्हणाले. “कुणाचा?”

“माहीत नाही.”

“म्हणजे?”

“आम्ही प्रत्येक कपड्याला कॉलरच्या आत शाईची खूण करतो. ती राहिली, किंवा धुण्यात गेली, की संपलं. कुणाचा, ते सांगता येत नाही. माणूस येतो, म्हणतो माझा काळा कोट. इथे चार काळे कोट. तो त्यातला एक घालून बघतो, म्हणतो माझा नव्हे वाटतं, आणि निघून जातो.” ती त्राग्याने चिठ्ठ्या लावत होती, बाबांकडे न बघताच. “ही सगळी दांडी तसल्याच कपड्यांची. स्वच्छ आहेत. कुणाचे नाहीत.”

बाबांनी कोटाची कॉलर उलटली. आत अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले, जणू पुसलेली खूण बोटाला तरी लागेल. मग कॉलर होती तशी दुमडली आणि म्हणाले, “चहा पाजशील का?”

तिने पाजला. नवरा वाफेतून म्हणाला, “साखर.” तो एवढंच बोलला. साखर खरंच राहिली होती.

*

मंगळवारी सकाळी बाबा नेहमीसारखे गाडीत जाऊन बसलेले. मांडीवर कापडाची गुंडाळी. तिने ओळखली. त्या गुंडाळीत पत्त्या असायच्या, पॉलिश पेपर असायचे, मऊ फडकी असायची. लहानपणी तिला हात लावायची मनाई होती तीच.

“बाबा?”

“चल. मंगळवार वाट बघत असेल.”

ती आईच्या सीटवर बसली, किल्ली फिरवली. चढणीला गाडीने धापा टाकल्या.

तपासणीच्या शेडमध्ये उजेड भक्क होता आणि फरशीवर जुन्या तेलाचे नकाशे. साहेब बॅटरी घेऊन आले. बाबांनी बॉनेट उघडायला लावलं, आत वाकले, आणि तळहाताने ती जागा एकदा पुसली. आजारी पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा हात.

“कुणी खरवडायचं?” साहेबांनी विचारलं. “आमचा माणूस आहे, ग्राइंडर आहे...”

“ग्राइंडर,” बाबा म्हणाले. फक्त तेवढाच शब्द, पण साहेब दोन पावलं मागे सरकले.

बाबांनी पेपर पाण्यात बुडवला आणि घासायला घेतलं. हात थरथरत होता तो थरथरतच होता. त्यामुळे घासणं कधी इकडे जायचं कधी तिकडे, आणि प्रत्येक वेळी बाबा स्वतःलाच पुटपुटत शिव्या घालायचे. डोळे त्यांनी मिटूनच घेतले होते. दुधी पाणी भिंतीवरून ओघळू लागलं. एका दुधीच्या खाली दुसरा दुधी, जरा पिवळसर. त्याच्या खाली तिसरा. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तशी वर्षं सुटत होती. लेकीला त्यातला एक दुधी ओळखू आला; तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा होता तो. आणि मग पाण्याचा रंग एकदम बदलला.

“हिरवा,” साहेब म्हणाले.

“गर्द हिरवा,” ती म्हणाली आणि दाखल्यावर बोट ठेवलं. “मूळ रंग.”

“रंग जुळला. नंबर?”

बाबांनी पत्ती घेतली. पुट्टी टोकाने उचलून काढू लागले. एकेक आकडा डोळा किलकिला करत वर आला. साहेब बॅटरी धरून मोठ्याने वाचत होते, ती पुस्तकावर बोट फिरवत होती. जुळला. जुळला. जुळला. शेवटची पुट्टी निघाली आणि साहेबांची बॅटरी थांबली.

सात होता. पण बाकीचे आकडे रांगेत शाळेच्या पोरांसारखे उभे, आणि हा एकटाच भिंतीला टेकलेला. तिरका, किंचित खाली, ओळीबाहेर.

“हा नंतर मारलाय,” साहेब म्हणाले.

“काय?”

“बघा ना. बाकीचे सरळ, हा तिरका. इथे आधी दुसरा काहीतरी आकडा असणार. कारखाना असं काम करत नाही, ताई. कुणीतरी हाताने ठोकलाय. पुस्तकाशी जुळावा म्हणून.”

तिच्या कानशिलात वाफ भरली. इतके दिवस नंबर नाही म्हणून गाडी खोटी. आता नंबर आहे म्हणून खोटी.

“म्हणून तर भरला होता,” बाबा गाडीच्या आतून बोलावं तसे म्हणाले. तोंड अजून बॉनेटखाली. “तो पहिल्यापासून असाच होता. मला बघवेना. इतक्या चांगल्या पत्र्यावर असला गाढवपणा. कोण होता देव जाणे.”

“आजोबा, हे मी कसं लिहू?”

“मी फोन करते,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“थांबा.”

नशिबाने सकाळ होती, म्हणजे तळघरातल्या बाईंनी ठरवलेली सकाळ. फोन उचलला गेला. तिने स्पीकर लावला आणि शेडमध्ये बाईंचा आवाज घुमला.

“तुमचा दाखला पाठवलाय मी.”

“मिळाला. बाई, त्या नंबरातला सात. तो तिरका आहे का?”

“काय आहे?”

“शेवटचा आकडा. कोरताना तिरका झालेला. कुठे लिहिलंय का, असं विचारतेय.”

“दाखल्यात नाही लिहिलं?”

“नाही.”

“मग शेऱ्यात असेल. मूळ पत्रकावर शेऱ्याचा रकाना असतो. तो मी टाइप करत नाही.”

“का?”

“शेरे कुणी मागत नाही.” अशा आवाजात, जणू चूक मागणाऱ्यांचीच. “थांबा. कपाट वर आहे.”

ते थांबले. जिन्याच्या पायऱ्या ऐकू आल्या, गुडघ्यांबद्दल एक शब्द ऐकू आला, कपाटाचं दार, मग बराच वेळ नुसती धूळ ऐकू आल्यासारखी शांतता. साहेब घड्याळ बघत होते. बाबा फडक्याने आकडे पुसत होते आणि सातावर आले की फडकं जरा जोरात दाबत होते.

“आहात का?” बाई म्हणाल्या. “वाचते. गाडीचा नंबर तोच. खाली शेरा, पेन्सिलीने. ‘शेवटचा आकडा तिरका बसला. चालेल.’ खाली तपासणाऱ्याची सही. सही कुणाची ते वाचता येत नाही.”

बाबांचं फडकं थांबलं.

“काय म्हणाल्या त्या?” ते म्हणाले.

“तिरका बसला, बाबा. लिहिलंय.”

“त्याच्या पुढे.”

“चालेल.”

बाबा सावकाश सरळ झाले. “चालेल म्हणे,” ते साहेबांना म्हणाले. “ऐकलंत? भर कारखान्यात. लिहून. वर सही करून.”

साहेबांनी घसा खाकरला. “बाई, मी तपासनीस बोलतोय. ते पत्रक आम्हाला कागदावर लागेल.”

“टपालाने पाठवते.”

“टपालाने म्हणजे मग पुढच्या मंग—”

“साहेब,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. गिऱ्हाइकाला शर्टावरचा डाग नेमका कशाचा ते विचारताना वापरते, तो आवाज. “तुमच्या टेबलामागे कापड घालून ठेवलंय ते फॅक्सचं मशीन आहे ना?”

“ते... आहे. चालू असेल, पण...”

“माझ्याकडेही आहे,” तळघरातल्या बाई फोनमधून म्हणाल्या. “आणि ते चालूच असतं. लोकांनी वापरायचं सोडलं, त्याला मी काय करू?”

कापड काढलं. मशीन खोकलं, कण्हलं, आणि मग जिभेसारखा कागद हळूहळू बाहेर येऊ लागला. रकाने आले. नंबर आला. रंगाच्या रकान्यात गर्द हिरवा आला. आणि सगळ्यात शेवटी, फिकट, तिरप्या अक्षरात, कुणा एका कंटाळलेल्या माणसाचा शेरा. साहेब तो कागद घेऊन पुन्हा शेडमध्ये गेले, वाकले, सात बघितला, कागद बघितला, सात बघितला.

“खोटा ठोकणारा सरळ ठोकतो,” ते अखेर स्वतःशीच म्हणाले. “आणि तिरका ठोकून वर कारखान्याच्या कपाटात शेरा नेऊन ठेवणार कोण?” त्यांनी शिक्का काढला, शाईवर दाबला. “चोरीची नाही. तीच आहे.”

“तेच आम्ही सांगत होतो,” ती म्हणाली.

“सगळेच सांगतात, ताई,” साहेब म्हणाले, पण या वेळी जरा हसून. मग सवय गेली नाही म्हणून पुस्तक परत देताना विचारलं, “पुढच्या मंगळवारी...?”

“नाही,” ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ती बाहेर गेली तर बाबा सीटवर नव्हते. बॉनेट उघडं, बाबा आत वाकलेले, आणि खसखस घासल्याचा आवाज. शेजारी पुट्टीचा डबा.

तिच्या हातातला चहा बशीत सांडला. “बाबा, ते भरायचं नाही. आयुष्यात पुन्हा कधीही भरायचं नाही. पुढे तपासणी झाली तर मी त्या मंगळवारापुढे...”

“भरत नाहीये,” बाबा म्हणाले. “कडा गोल करतोय. फाडल्यासारखं दिसतंय ते. भोक ठेवायचं तर नीट ठेवायचं.”

ती जवळ गेली. खरवडलेल्या जागेभोवती त्यांनी पानाच्या आकाराची चौकट घासत आणली होती. कडेला सगळे थर एकेका रेघेने दिसत होते, दुधीत दुधी, दुधीत दुधी, आणि आत हिरवा काठ. मधोमध आकडे.

“आणि पुट्टी कशाला?”

बाबा जरा घुटमळले. “नुसता सात,” ते म्हणाले. “बाकीचे राहू देत.”

“बाबा.”

“बरं.”

तिने डबा उचलला आणि आपल्या पायाशी ठेवला. बाबा पुन्हा घासू लागले. हात थरथरला, पेपर सटकला, आणि दुधी काठावर एक बारीक चरा उठला. त्यांना दिसला नाही. तिला दिसला. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि नेहमीसारखं चौकटीच्या कडेवरून बोट फिरवत आले. वरून, डावीकडून, खालून. चऱ्यापाशी बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा आलं, पुन्हा थांबलं.

चहा निवत होता. आतून नवऱ्याची इस्त्री एकदा सुस्कारली.

बाबांनी बोट उचललं, विजारीला पुसलं, आणि तोंडात खडा आल्यासारखं तोंड करून म्हणाले, “चालेल.”

मग गाडीत जाऊन बसले आणि काच खाली केली.